अरिंजयचं बारसं

मराठीच्या शिक्षिकेला कुणाच्याही बाळाचं नाव ठेवू देऊ नये.

हे मी स्वतः मराठीची शिक्षिका असून सांगते आहे, म्हणजे पुरावा घरचाच आहे. जालन्याच्या शाळेत इतकी वर्षं हजेरी घेऊन घेऊन माझी एक खोड झाली होती. साधं नाव मला सोसवेना. 'गणेश' म्हटलं की अर्धा वर्ग 'हजर' म्हणायचा आणि 'संतोष' म्हटलं की उरलेला अर्धा! तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, की आपल्या भावाला मूल झालं की त्याचं नाव असं ठेवायचं, की हजेरी घेणाऱ्या बाईंनी क्षणभर थांबून चष्मा पुसला पाहिजे. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच.

माझा भाऊ सुधाकर हसनाबादला शेती बघतो. स्वभावानं गरीब, म्हणजे माझ्यापुढे तरी. त्याची बायको मंगल धावड्याची. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी गेली आणि तिकडंच मुलगा झाला. सुधाकरचा फोन आला. वजन किती, मंगल कशी आहे, असलं काहीही न विचारता मी फोनमध्ये ओरडले, "अरिंजय!"

"काय जय?" सुधाकर म्हणाला.

"अरिंजय! अरि म्हणजे शत्रू. शत्रूंना जिंकणारा."

"कोनते शत्रू, ताई? त्याला अजून डोळे नीट उघडता येऊन न्हाई राह्यले."

त्याला कसं कळणार! अरिंजय हा 'आरसेवन' नावाच्या अद्भुत कादंबरीचा नायक. जाडजूड तीन खंड. मी शाळेत असताना ते वाचले आणि तेव्हापासून मला आजूबाजूची माणसं जरा फिकीच दिसायला लागली. आरशांच्या जंगलात हरवलेल्या आईला शोधायला हा राजपुत्र निघतो, आणि प्रत्येक आरशात त्याला स्वतःचाच एकेक दोष दिसतो, अशी ती खोल गोष्ट. (लग्न झाल्यावर मी मोठ्या हौसेनं पहिला खंड नवऱ्याच्या हातात दिला होता. तो अजून प्रस्तावनेत आहे.)

धावड्याला मात्र या नावाचं स्वागत झालं नाही. मंगलचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी फोनवर अगदी नम्रपणे विषय काढला.

"बाई, नाव कसं पायजे, वावरातून हाक मारली की घरी बराबर ऐकू गेलं पायजे. हे तुमचं नाव अर्ध्या वाटंतच पडंन."

मंगलच्या आईनं, म्हणजे जिजीनं, तर निकालच लावला होता. "किसन ठिवा. सुटसुटीत हाय. मारायला, लाडाला, दोन्हीला चालतंय."

किसन! वर्गात माझ्या पाच किसन होते!

मी हिरमुसले होते, आणि नेमका तेव्हाच जालन्याच्या एका सीडीच्या दुकानात मला साक्षात्कार झाला. काचेमागं 'आरसेवन'! कादंबरीवर हिंदी सिनेमा निघाला होता. तो आमच्याकडच्या कुठल्या टॉकीजला कधी लागल्याचं मला आठवत नव्हतं, पण आता त्याची दोन तबकड्यांची व्हीसीडी आली होती. कव्हरवर आग ओकणारा पंखवाला सर्प, तलवार आणि दाढी वाढलेला राजपुत्र. मी दुकानातच पाकीट छातीशी धरलं. बारशाच्या दिवशी दुपारी सगळ्यांना सिनेमा दाखवायचा. अरिंजय म्हणजे काय चीज आहे, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की 'किसन' म्हणायची कुणाची हिंमत आहे?

"अगं, आधी घरी एकदा लावून तर बघू," नवरा म्हणाला.

"पुस्तक मला पाठ आहे!" मी म्हणाले. "मी सगळ्यांबरोबरच बघणार."

संसारात नवऱ्याचं ऐकायला हवं होतं असे फार थोडे प्रसंग येतात. त्यातला हा एक.

बारशाच्या दिवशी आम्ही जीपनं धावड्याला निघालो. नवऱ्याच्या मांडीवर व्हीसीडी प्लेअर, माझ्या मांडीवर बाळासाठी घेतलेलं जरीचं झबलं, शेजारी माझी आई आणि तिच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. खड्डा आला की आई डबा सावरायची, मी झबलं, आणि नवरा काहीच न सावरता नुसता माझ्याकडं बघायचा.

धावड्याला पोचलो तर पाळणा सजलेला, घुगऱ्या शिजत टाकलेल्या. मुहूर्त पाचचा. जेवणं झाल्यावर तात्यांनी टीव्ही ओसरीवर आणवला, ऊन अडवायला समोर चादरी बांधल्या, आणि बघता बघता अंगण भरलं. बारशाला बायका येतात, पण सिनेमा आहे म्हटल्यावर बाप्ये पण आले. मंगल बाळाला घेऊन दारात बसली.

मी उभी राहून प्रास्ताविक सुरू केलं. "अद्भुत साहित्यामध्ये 'आरसेवन'चं स्थान..."

"बाई, लावा आता," तात्या म्हणाले. "लाइट जाईन."

सिनेमा सुरू झाला. पहिल्याच दृश्यात राणी जंगलात हरवते. पुस्तकात हे वर्णन दहा पानांचं आहे, डोळ्यांत पाणी आणणारं. इथं राणी एका झाडामागं गेली आणि संपलं.

"हरवली?" जिजीनं विचारलं. "एवढ्याशा झाडाआड? झाडाच्या पल्याड बघितलं असतं तरी घावली असती!"

"आन् कुंकू बघ तिचं," शेजारची गयाबाई म्हणाली. "रानात फिरून राह्यली, पण कसं ताजं हाय!"

मग सैन्य आलं. तात्यांनी पुढं सरकून नीट बघितलं. "हे सैन्य हाय? आमच्या कापूस येचणीला याच्याहून जास्त मानसं असतात."

"पुस्तकात अफाट सैन्य आहे," मी घाईनं म्हणाले.

"आन् ते कवरवरचं पंखाचं जनावर कधी येतंय?" मागून कुणीतरी विचारलं.

पुस्तकात पंखांचं जनावर नाहीच. पण मी म्हटलं, येईल. (ते शेवटपर्यंत आलं नाही. कव्हरवर बसून राहिलं.)

तेवढ्यात टेकडीवर एक तरणाबांड, रुबाबदार तरुण येऊन उभा राहिला. वारा त्याच्या केसांतून वाहत होता. माझ्या अंगावर काटा आला. मी उठून टीव्हीजवळ गेले आणि पडद्यावर बोट ठेवलं. "बघा! हा आला अरिंजय! ज्याचं नाव आपण बाळाला ठेवणार आहोत, तो हाच!"

सगळं अंगण कौतुकानं बघायला लागलं. जिजीसुद्धा म्हणाली, "पोरगं दिसायला बरंय."

त्या तरुणानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि दरीत जोरात हाक मारली, "अरिंजय!"

माझं बोट पडद्यावरच राहिलं. हा स्वतःला का हाक मारतोय?

टेकडीमागून धूळ उठली. आणि त्या धुळीतून, शिंगं हलवत, नाकपुड्या फुगवत, एक भला थोरला रेडा बाहेर आला.

पडद्यावर राजपुत्रानं रेड्याच्या गळ्याला मिठी मारली. "अरिंजय, मेरे दोस्त!"

"हा तर हल्या हाय," तात्या म्हणाले. आमच्याकडं रेड्याला हल्याच म्हणतात. त्यांनी शांतपणे माझ्याकडं बघितलं. "बाई, माझ्या नातवाला हल्याचं नाव ठिवून राह्यल्या का तुम्ही?"

"नाही! तात्या, पुस्तकात असं नाहीये! पुस्तकात अरिंजय राजपुत्र आहे! पुस्तकात रेडाच नाही!"

"हिरोचं नाव काय मंग?" नवऱ्यानं विचारलं. (या माणसाला नको तिथं प्रश्न पडतात.)

उत्तर टीव्हीनंच दिलं. हिरोचं नाव सूरज होतं. आता मला सगळा प्रकार लक्षात आला. सिनेमावाल्यांना हिरोसाठी सुटसुटीत नाव हवं असणार. पण 'अरिंजय' एवढं भारदस्त नाव वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यांनी ते जनावराला देऊन टाकलं!

माझी आई तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं, लाजेनं. नंतर कळलं, हसू दाबत होती. सुधाकर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, किसन अजून मोकळं हाय."

मी पार गळाले. आत जाऊन पाणी प्यायले आणि मनाशी ठरवलं, की नाव मागं घ्यायचं. विवेक, विनय, काहीतरी मवाळ ठेवू. बाहेर येऊन सांगायला तोंड उघडलं, तर कुणी माझ्याकडं बघेना. सगळे टीव्हीत बुडाले होते.

झालं होतं असं. सूरज दमून झाडाखाली झोपला होता आणि रेडा पहाऱ्याला उभा होता. सूरजच्या मागावर असलेल्या एका जादूगाराच्या माणसांनी रेड्यापुढं हिरव्यागार चाऱ्याची पेंढी टाकली, म्हणजे तो खाण्यात गुंतेल आणि राजपुत्राला पळवता येईल. रेड्यानं पेंढीकडं बघितलं. सूरजकडं बघितलं. आणि तोंड फिरवलं.

"न्हाई खाल्लं!" तात्या ताडकन उभे राहिले. "वैरन समोर हाय, पोट खपाटीला गेलंय, आन् तोंड बी लावलं न्हाई!"

"हे खरं जनावर," मागून आवाज आला.

"मानसापरीस बरं," गयाबाई म्हणाली आणि तिनं आपल्या नवऱ्याकडं बघितलं.

मी बसले. पुढं काय सांगू! सूरज राणीचा माग चुकला, रेड्यानं वास काढून दाखवला. सूरज आरशात बघून रडत बसला, रेड्यानं शिंगानं आरसा फोडला. (पुस्तकात त्या आरशावर एक पूर्ण प्रकरण आहे!) "पुस्तकात असं नाही," मी अधूनमधून म्हणत होते. पहिल्यांदा सगळ्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा मंगल हळूच म्हणाली, "वन्सं, बघू द्या ना जरा." तिसऱ्यांदा जिजीनं माझ्या हातात लाडू ठेवला. तो तोंडात असेपर्यंत बोलता येत नाही, हे तिला बरोबर माहीत होतं.

दुसरी तबकडी लागली. जादूगारानं धरण फोडलं. नदीला महापूर आला. सूरज वाहून जाऊ लागला आणि रेड्यानं काठावरून पाण्यात उडी टाकली. पाणी, लाटा, शिंगं, पुन्हा पाणी. एकदा शिंगं दिसली, मग नुसतं एकच शिंग दिसलं, मग...

लाइट गेली.

अंगणातून असा हंबरडा उठला, की दोन आळ्या पलीकडची माणसं काय झालं म्हणून धावत आली. त्यांना काय सांगणार? "हल्या पुरात गेलाय," गयाबाई त्यांना म्हणाली. ती माणसं बिचारी खरोखरच कुणाच्या तरी गोठ्याकडं निघाली, त्यांना परत बोलवावं लागलं.

जिजी भानावर आली. "अहो, पाच वाजून राह्यले! जल्दी पाळणा हलवा. बाया खोळंबल्यात."

"थांब," तात्या म्हणाले. "हल्या नदीत हाय."

"आन् बारसं?"

"हल्या जगला का मेला हे कळल्याबिगर बारसं व्हनार न्हाई. मेलेल्याचं नाव पोराला कसं ठिवायचं?"

हे मात्र सगळ्यांना बिलकुल पटलं. मग सगळं अंगण माझ्याकडं वळलं. पुस्तक पाठ असलेली तिथं मी एकटीच होते ना!

"वन्सं," मंगलनं कापऱ्या आवाजात विचारलं, "खरं सांगा. पुस्तकात मरतो का तो?"

"अगं मंगल, पुस्तकात रेडा नाहीच!"

"म्हंजी मरतो," मंगल म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आई रडतेय बघून बाळानं भोकाड पसरलं. बाळ रडतंय बघून जिजीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच धरण फोडलं होतं.

"बाळंतिणीला रडिवलं व्हय!" गयाबाई म्हणाली.

मी हात जोडले. "हे बघा, माझं चुकलं. आपण नावच बदलू. विवेक ठेवू. किसन ठेवा हवं तर! माझी काही हरकत नाही."

तात्या उठले. उपरण्यानं तोंड पुसलं. या माणसानं आयुष्यभर जनावरं सांभाळली होती, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "आता बदलायचं, बाई? त्याला तसं नदीत सोडून?"

बी.एड.ला हे शिकवलेलं नाही.

पाचचा मुहूर्त निघून गेला. घुगऱ्या निवल्या. कुणी जागचं हललं नाही. आणि एकदाची लाइट आली! नवऱ्यानं घाईनं तबकडी पुढं नेली, तर नेमकी पुराच्या जागी येऊन ती अडकली. पडद्यावर चौकोन चौकोन, आणि त्या चौकोनांत रेड्याचा एक डोळा. डोळा आमच्याकडं बघतोय, आम्ही डोळ्याकडं.

"पुसा, पुसा!"

"मऊ कपडा पायजे!"

"धोतर नको, चरे पडतात!"

नवऱ्यानं इकडंतिकडं बघितलं. घरातला सगळ्यात मऊ कपडा त्याला दिसला आणि त्यानं तो उचलला. माझं जरीचं झबलं! मी किंचाळेपर्यंत त्यानं तबकडी पुसून परत घातलीसुद्धा. (जरीनं चरे पडत नाहीत, हे त्या दिवशी सिद्ध झालं. झबल्याला मात्र पडले.)

तबकडी फिरली. पाणी. लाटा. लांबवर काहीतरी काळं. आणि मग त्या पाण्यातून आधी एक शिंग, मग दुसरं शिंग, मग पाठीवर सूरजला घेऊन, निथळत, धापा टाकत, रेडा काठावर चढला!

असा जल्लोष मी निवडणुकीलासुद्धा ऐकला नव्हता. गयाबाईनं टीव्हीला ओवाळलं. बाप्यांनी टोप्या उडवल्या. मंगल रडता रडता हसत होती. पुढं सूरजला आई सापडली, जादूगार मेला, राज्य मिळालं, पण ते कुणीही बघितलं नाही. सगळे रेड्याबद्दल बोलत होते.

"चला, पाळण्याकडं!" तात्यांनी हुकूम सोडला. "नाव अरिंजय. बदल न्हाई!"

"आन् मुहूर्त?" जिजीनं विचारलं.

"तो भायेर निघाला तोच मुहूर्त."

मी बाळाच्या कानाशी वाकले. नाव हळूच सांगायचं असतं, पण सांगायला उरलंच काय होतं? सगळं गाव आधीच ओरडत होतं. रीतीप्रमाणं बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, आणि त्या दिवशीच्या प्रत्येक 'पुस्तकात असं नाही'चा हिशोब त्यात चुकता झाला. पाठ चोळत मी बाहेर आले, तर तात्या अंगणात नव्हते. थोड्या वेळानं लांब वावराकडून आवाज आला, "अरिंऽऽजय!" मग ते समाधानानं परत आले. "येतंय ऐकू. बराबर येतंय."

व्हीसीडी मला परत मिळाली नाही. ती धावड्यात घरोघर फिरली. आधी ज्यांनी सिनेमा बघितला होता, ते दुसऱ्यांना सांगायला पुन्हा बघायला बसायचे. सिनेमाबद्दल गावाचं मत पक्कं झालं होतं: राणी खोटी, सैन्य कमी, हिरो रडका, कव्हर फसवं, पण हल्यासाठी बघावा.

अरिंजय मोठा झाला. नाव कुठून आलं असं कुणी विचारलं, की तो ऐटीत "हल्यावरून" म्हणतो आणि पुराचा प्रसंग साभिनय करून दाखवतो. माझं, पुस्तकाचं, राजपुत्राचं नावसुद्धा त्यात येत नाही. माझ्यातली शिक्षिका किती दिवस गप्प बसणार? तो वाचायला लागला, तशी मी त्याला 'आरसेवन'चे तिन्ही खंड नेऊन दिले. "बाळा, सिनेमा विसर. खरी गोष्ट यात आहे."

पोरगं माझ्या वळणाचं निघालं. त्यानं खरोखर तिन्ही खंड वाचून काढले. मी मोठ्या आशेनं हसनाबादला गेले.

"मग? कसं वाटलं?"

त्यानं पुस्तकं माझ्या हातात ठेवली. माझं मन दुखू नये म्हणून बिचारा शब्द शोधत होता.

"आत्या, चांगलंय. पण लेखकाला हल्या सुचला न्हाई गं."

मी जालन्याला आले ती फणफणत. काय समजतात ही आजकालची मुलं! त्या रविवारी चहा घेऊन बसले आणि मुद्दाम दुसरा खंड उघडला, नुसतं त्याला दाखवून द्यायला, की खरं साहित्य काय असतं. नदीचं प्रकरण आलं. राजपुत्र पुरात पडला. केवढी सुंदर भाषा, केवढ्या उपमा! वाचता वाचता मी पान उलटलं, मग आणखी एक उलटलं, मग परत मागं गेले. चहा गार झाला.

नवऱ्यानं विचारलं, "काय शोधतेस?"

काय सांगणार? मी रेड्याची वाट बघत होते!